ग्रेट डेनचा पाय, चौदा वर्षांच्या मुलाचा गुडघा

सात-आठ वर्षांचा ग्रेट डेन पुढच्या पायानं लंगडायला लागतो. घरच्यांना वाटतं, उडी मारताना मुरगळला असेल. थोडे दिवस दुखणं कमी करायच्या गोळ्या होतात. मग मनगटाच्या वर सूज दिसते, एक्स-रे काढला जातो आणि त्यात हाड आतून कुरतडल्यासारखं दिसतं. झपाट्यानं उंच होणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलाचंही पुष्कळदा असंच होतं. गुडघा दुखतो, खेळताना लागलं असेल म्हणून सोडून दिलं जातं, रात्री झोपमोड व्हायला लागली की मग धावपळ सुरू होते. या दोघांच्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि काचेवरची चिठ्ठी झाकली, तर कुठला तुकडा कुणाचा हे अनुभवी पॅथॉलॉजिस्टलाही सांगणं जड जातं. आजाराचं नाव दोन्हीकडे एकच आहे: ऑस्टिओसार्कोमा, हाडाचा कर्करोग.

फरक आहे तो संख्येत. अमेरिकेत माणसांमध्ये या आजाराचे वर्षाला हजाराच्या आतबाहेर नवे रुग्ण सापडतात, त्यातले जवळपास निम्मे मुलं आणि किशोरवयीन. त्याच देशात कुत्र्यांमधला आकडा दहा हजारांच्या वर जातो. आजार दुर्मिळ असला की नवं औषध तपासायला पुरेसे रुग्ण गोळा करण्यातच कैक वर्षं निघून जातात. मग ते रुग्ण किती काळ बरे राहतात हे पाहायला आणखी तितकीच वर्षं लागतात. कुत्र्यात मात्र सगळं भराभर घडतं. नुसता पाय काढला तर बहुतेक कुत्रे चार-पाच महिन्यांत फुप्फुसात पसरलेल्या गाठींनी दगावतात. जोडीला किमो दिली तर साधारण दहा-बारा महिने मिळतात. त्यामुळे औषधानं काही फरक पडला की नाही, याचं उत्तर वर्ष-दीड वर्षात हाती येतं. हे वाचायला निर्दय वाटतं. पण कुत्रा तसाही आजारीच आहे. प्रश्न एवढाच, की त्याच्यावर होणाऱ्या उपचारातून कुणी काही शिकतंय की नाही.

शिकायची गरजही मोठी आहे. 1970 च्या दशकापर्यंत हाडाचा हा कर्करोग झालेल्या दहा मुलांपैकी जेमतेम दोन जगत. किमो आली आणि आजार पसरायच्या आत सापडलेल्या मुलांमध्ये हे प्रमाण सहा-सातवर गेलं. त्यानंतर गाडी तिथेच अडकली. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधं आजही उपचाराचा कणा आहेत. चाळीस वर्षांत इतर काही कर्करोगांचं चित्र पार पालटलं, याचं फारसं नाही.

कुत्र्याचा आणि माणसाचा कर्करोग शेजारी शेजारी ठेवून अभ्यासण्याच्या या शाखेला तुलनात्मक कर्करोगशास्त्र म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं 2003 मध्ये त्यासाठी वेगळा विभाग सुरू केला. विद्यापीठांमधली वीसेक पशुवैद्यकीय रुग्णालयं त्याच्याशी जोडलेली आहेत आणि सगळीकडे एकाच आराखड्यानुसार चाचण्या होतात. चाचणीत येतात ती लोकांच्या घरची, स्वतःहून आजारी पडलेली कुत्री. उपचार करून ती संध्याकाळी आपापल्या घरी जातात.

उंदीर कुठे कमी पडतो

वर्तमानपत्रात दर महिन्याला कुठला ना कुठला कर्करोग बरा होत असतो. बातमी खाली नीट वाचली की कळतं, बरा झाला तो उंदराचा. प्रयोगशाळेतले उंदीर एकमेकांचे जवळजवळ हुबेहूब भाऊ असतात. माणसाची गाठ त्यांच्या अंगात रुजावी म्हणून पुष्कळदा त्यांची रोगप्रतिकारशक्तीच काढून घेतलेली असते. कातडीखाली पेशी टोचतात, काही आठवड्यांत गाठ वाढते, औषध देतात, गाठ विरघळते. माणसाचा कर्करोग असा होत नाही. तो वर्षानुवर्षं मुरतो, एकाच गाठीत दहा स्वभावाच्या पेशी तयार होतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना हुलकावणी द्यायला त्या शिकतात, आणि औषध लागू पडलं तरी त्यातल्या काही चिवट पेशी उरून पुन्हा डोकं वर काढतात. माणसांवरच्या चाचणीपर्यंत पोचलेल्या कर्करोगाच्या औषधांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक बाजारात येतच नाहीत. याचं सगळं खापर उंदरावर फोडणं बरोबर नाही. पेशी बिघडतात कशा याचं मूलभूत ज्ञान उंदरांनीच दिलंय. पण उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये एखादी पायरी हवी होती, हे त्या आकड्यावरून दिसतं.

घरातला कुत्रा त्या पायरीवर बसतो. त्याचा कर्करोग त्याचाच असतो, उतारवयात आपसूक झालेला. त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि ती त्या गाठीशी कित्येक महिने झगडलेली असते. गाठ पसरते, औषधाला दाद देईनाशी होते, बरी झाल्यासारखी वाटून उलटते. शिवाय तो आपल्याच घरात राहतो, आपलंच पाणी पितो आणि आपल्याच सिगारेटचा धूर घेतो. टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा 2005 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 19,000 जनुकं निघाली आणि त्यातल्या बहुतेकांची जोडी माणसात सापडते.

आणखी एक सोय आहे, आणि ती माणसाच्या हौसेतून आली. आज दिसणाऱ्या बहुतेक जाती गेल्या दोनेकशे वर्षांत तयार झाल्या, त्याही मोजक्या जोड्यांपासून. ठरावीक कान, ठरावीक शेपूट, ठरावीक रंग मिळवण्यासाठी नात्यातल्या नात्यात इतकी पैदास झाली की हव्या असलेल्या गुणांबरोबर नको असलेली जनुकंही त्या जातीत घट्ट बसली. बर्नीज माउंटन डॉगमध्ये हिस्टिओसायटिक सार्कोमा हा एरवी दुर्मिळ कर्करोग भयंकर प्रमाणात होतो. स्कॉटिश टेरियरला मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका इतर कुत्र्यांच्या अठरा ते वीस पट असतो. कुत्र्यांच्या दृष्टीनं ही शोकांतिकाच. जनुक शोधणाऱ्याचं काम मात्र त्यामुळे सोपं होतं. माणसात एखाद्या आजाराचं जनुक हुडकायला हजारो लोकांची रक्तं तपासावी लागतात, तर एकाच जातीच्या कुत्र्यांमध्ये शे-दोनशे नमुन्यांत धागा सापडू शकतो.

जखम चिघळली आणि कुत्रा जास्त जगला

या सगळ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ती जिवाणूंची गोष्ट.

कोलोरॅडो राज्य विद्यापीठात स्टीफन विथ्रो या पशुशल्यविशारदानं कुत्र्यांचा पाय न कापता फक्त हाडाचा आजारी भाग काढून तिथे दुसरं हाड बसवण्याची पद्धत विकसित केली. डेन्व्हरमध्ये माणसांची हाडं हाताळणारे शल्यविशारद त्यांच्याबरोबर काम करत होते. कुत्र्यांवर शिकलेल्या गोष्टी मुलांचे पाय वाचवताना उपयोगी पडल्या. या शस्त्रक्रियेत एक कटकट नेहमीची होती. बसवलेल्या हाडाला जंतुसंसर्ग व्हायचा, जखम चिघळायची, महिनोन्‌महिने प्रतिजैविकं द्यावी लागायची. 2005 मध्ये अशा कुत्र्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हा उलटंच दिसलं. ज्यांची जखम चिघळली ते कुत्रे, न चिघळलेल्यांच्या जवळपास दुप्पट काळ जगले होते.

जुन्या डॉक्टरांना याचं नवल वाटलं नसतं. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी 1891 मध्येच सार्कोमाच्या, म्हणजे हाड-स्नायूंसारख्या ऊतींच्या कर्करोगाच्या, रुग्णांना मुद्दाम जिवाणू टोचायला सुरुवात केली होती. एका रुग्णाला त्वचेचा जबर संसर्ग झाला, खूप ताप आला आणि त्याची गाठ नाहीशी झाली, हे त्यांनी जुन्या नोंदींत वाचलं होतं. मागून रेडिएशन आलं, किमो आली आणि कोलींचा मार्ग अडगळीत पडला. चिघळलेल्या जखमेचं कोडं त्याच वाटेनं सुटतं, असं मानलं जातं. जिवाणू आत शिरले की प्रतिकारशक्ती खडबडून जागी होते, आणि एकदा जागी झाली की फुप्फुसात दबा धरून बसलेल्या कर्करोगाच्या पेशीही तिच्या तावडीत सापडतात.

कुणाला मुद्दाम जंतुसंसर्ग करणं शहाणपणाचं नाही. मग जिवाणूचा फक्त एक निरुपद्रवी तुकडा दिला तर? 1980 च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात ग्रेगरी मॅकइवेन यांनी नेमकं हेच केलं. जिवाणूच्या कवचातल्या एका रेणूची कृत्रिम नक्कल चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून त्यांनी पाय काढलेल्या कुत्र्यांना शिरेतून दिली. हे थेंब फुप्फुसात जाऊन तिथल्या भक्षक पेशींना चेतवतात. नुसती शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांचं मध्यमान आयुष्य (निम्मे कुत्रे ज्याच्या पुढे जगले तो काळ) 77 दिवस भरलं, औषध मिळालेल्यांचं 222. त्याच औषधाची, मिफामुर्टाइडची, पुढे मुलांवर मोठी चाचणी झाली. किमोबरोबर ते मिळालेल्या मुलांपैकी 78 टक्के सहा वर्षांनंतर हयात होती, नुसत्या किमोवाल्यांपैकी 70 टक्के. युरोपनं 2009 मध्ये औषधाला मंजुरी दिली. अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या एफडीएनं पुरावा पुरेसा नाही म्हणून दिली नाही. म्हणजे ज्या देशातल्या कुत्र्यांनी औषधाची वाट दाखवली, त्याच देशातल्या मुलांना ते मंजूर औषध म्हणून मिळालं नाही.

तिथून पुढचं पाऊल पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या निकोला मेसन यांचं. त्यांनी लिस्टेरिया हा जिवाणू निवडला, त्याची रोग करण्याची ताकद कमी केली आणि हर-2 या प्रथिनाची ओळख पटवणारा तुकडा त्यात घातला. हर-2 हे नाव स्तनांच्या कर्करोगामुळे अनेकांना माहीत असतं. हाडाच्या कर्करोगातल्या बऱ्याच पेशींवरही ते असतं. पाय काढून किमो झालेल्या 18 कुत्र्यांना ही लस दिली आणि त्यांचं मध्यमान आयुष्य 956 दिवसांवर गेलं. 2016 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा मोठी खळबळ उडाली. तुलना मात्र आधीच्या नोंदींतल्या कुत्र्यांशी केलेली होती, त्याच वेळी निवडलेल्या दुसऱ्या गटाशी नाही. शिवाय 18 हा आकडा लहानच. म्हणून आनंद बेतानंच करावा. त्याच धर्तीची लस पुढे ऑस्टिओसार्कोमा उलटून आलेल्या तरुण रुग्णांवरच्या चाचणीपर्यंत पोचली.

अवयव वेगळा, बिघाड तोच

आतापर्यंत असं वाटलं असेल की कुत्र्याचं हाड माणसाच्या हाडाशी जुळवायचं, मूत्राशय मूत्राशयाशी, की झालं. तेवढ्यावर भागत नाही.

स्कॉटिश टेरियरच्या मूत्राशयाकडे पुन्हा येऊ. इंडियानातल्या पर्ड्यू विद्यापीठात डेबोरा नॅप यांचा गट अनेक वर्षं या आजारावर काम करतोय. 2015 मध्ये असं उघड झालं की कुत्र्यांच्या या कर्करोगात बहुसंख्य गाठींमध्ये बीआरएएफ या जनुकातलं एकच अक्षर बदललेलं असतं. हे जनुक पेशीला वाढण्याचा निरोप पोचवतं. दारावरच्या घंटेचं बटण दाबल्यावर तसंच अडकून बसावं आणि घंटा वाजत राहावी, तसा वाढीचा निरोप मग थांबतच नाही. नेमका हाच बदल माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगात क्वचित आढळतो. तो आढळतो माणसाच्या त्वचेवरच्या मेलानोमात (रंग तयार करणाऱ्या पेशींच्या कर्करोगात), जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये, आणि थायरॉइडच्या काही कर्करोगांत. उलट कुत्र्यांना तोंडात होणाऱ्या मेलानोमात हा बदल सहसा नसतो. कारण तो मेलानोमा उन्हानं झालेला नसतो. त्याचं साम्य माणसाच्या नाकातोंडाच्या ओल्या अस्तरात होणाऱ्या दुर्मिळ मेलानोमाशी आहे.

म्हणून कुत्र्याच्या मूत्राशयावरून माणसाच्या मूत्राशयाबद्दल शिकायचं, तर गाठ पसरते कशी, भिंतीत किती खोल घुसते, लवकर कशी पकडावी हे शिकता येतं. बीआरएएफ रोखणाऱ्या औषधांबद्दल काही शिकायचं असेल, तर त्याच कुत्र्याची तुलना मेलानोमाच्या रुग्णाशी करावी लागते. प्रश्न बदलला की जोडी बदलते. या विषयावरच्या उत्साही बातम्यांमध्ये हीच गोष्ट निसटते.

त्या एका अक्षराचा फायदा कुत्र्यांना आधीच मिळालाय. लघवीत गळून पडलेल्या पेशींत हा बदल शोधणारी तपासणी आता उपलब्ध आहे. पूर्वी ज्यासाठी भूल देऊन दुर्बीण घालावी लागे, त्याचा अंदाज आता वाटीभर लघवीवरून येतो.

पर्यावरणाबद्दलही हे टेरियर बरंच काही सांगतात. हिरवळीवर तणनाशक मारलेल्या घरांतल्या स्कॉटिश टेरियरमध्ये हा कर्करोग जास्त दिसला, आणि आठवड्यातून तीनदा तरी भाज्या खाणाऱ्यांमध्ये कमी. 2024 मध्ये पर्ड्यूच्या गटानं 120 स्कॉटिश टेरियर तीन वर्षं तपासून सांगितलं की घरात सिगारेटचा धूर असेल तर धोका सुमारे सहा पट होतो. कुत्रा घराबाहेर फार जात नाही, नोकरी बदलत नाही, चोरून ओढतही नाही, म्हणून असा हिशेब त्याच्याबाबत स्वच्छ लागतो. धूर कुठे जाऊन बसतो हेही त्याच्या तोंडावळ्यावरून कळतं. कोलोरॅडोतल्या जुन्या अभ्यासांत धुराच्या घरातल्या लांब नाकाच्या कुत्र्यांना नाकाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला आढळला. लांब नाक जास्त धूर गाळून आतच अडकवतं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

औषधांची ये-जा

ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते. कुत्र्यांना दिली जाणारी बहुतेक किमोची औषधं माणसांच्या दवाखान्यातूनच आलेली आहेत. लिंफोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, कुत्र्यात झाला तर डॉक्टर व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन यांचीच जुळणी देतात. माणसातही तीच. फक्त कुत्र्याला मात्रा बेतानं देतात. माणूस पूर्ण बरं होण्यासाठी चार महिने हाल सोसायला तयार होतो, कारण त्याला कशासाठी सोसतोय हे ठाऊक असतं. कुत्र्याला ते सांगता येत नाही. म्हणून त्याच्या उपचाराचं ध्येय वर्षभराचा चांगला काळ हे असतं. बहुतेक कुत्र्यांचे केसही गळत नाहीत. पूडलसारख्या सतत केस वाढणाऱ्या जातींचे तेवढे विरळ होतात.

उलट दिशेची उदाहरणंही आहेत. कुत्र्यांच्या त्वचेत मास्ट पेशींच्या, म्हणजे ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींच्या, गाठी वारंवार होतात आणि त्यातल्या अनेकांत किट नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हाच बिघाड माणसाच्या जठर-आतड्यातल्या जिस्ट या गाठींमध्ये असतो. शेरिल लंडन यांच्या गटानं किट रोखणारं एक औषध या कुत्र्यांना देऊन 2003 मध्ये निकाल मांडला. निशाण्यावर बाण बसतो आणि गाठ आक्रसते, हे खऱ्याखुऱ्या रुग्णांत दिसलं. त्या औषधाचं भावंड सुनिटिनिब माणसांसाठी 2006 मध्ये मंजूर झालं, आणि कुत्र्यांचं टोसेरानिब 2009 मध्ये. खास कुत्र्यांच्या कर्करोगासाठी एफडीएनं मंजूर केलेलं ते पहिलं औषध. रक्ताच्या कर्करोगांत आज ज्याचं नाव वारंवार ऐकू येतं ते इब्रुटिनिबसुद्धा माणसांत येण्याआधी लिंफोमा झालेल्या मोजक्या पाळीव कुत्र्यांवर तपासलं गेलं होतं.

अपयशही मोलाचं असतं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. रॅपामायसिन हे औषध ऑस्टिओसार्कोमा पसरू देणार नाही अशी प्रयोगशाळेतल्या निकालांवरून दाट आशा होती. अनेक विद्यापीठांनी मिळून 300 हून अधिक कुत्र्यांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि किमो, निम्म्यांना त्याच्या जोडीला रॅपामायसिन. निकाल 2021 मध्ये आला: काही फरक नाही. माझ्या मते ही या क्षेत्रातली सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे. ती झाली नसती तर तोच प्रश्न मुलांना विचारावा लागला असता, आणि उत्तराला दहा वर्षं लागली असती.

जुळत नाही ते

कुत्रा म्हणजे छोटा माणूस नाही. माणसांना मारणारे मोठे कर्करोग, म्हणजे फुप्फुसाचा, आतड्याचा, प्रोस्टेटचा, कुत्र्यांमध्ये तुलनेनं विरळा. ऑस्टिओसार्कोमा माणसात वाढीच्या वयात होतो, कुत्र्यात बहुधा म्हातारपणी. औषधंही सरळ उचलून देता येत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल ज्या द्रवात विरघळवतात त्याची कुत्र्यांना तीव्र प्रतिक्रिया येते. कोली हा मेंढपाळ कुत्रा आणि त्याच्या गोतावळ्यातल्या जातींमध्ये औषध पेशीबाहेर टाकणारं एमडीआर-1 हे जनुक अनेकदा तुटलेलं असतं, म्हणून इतर कुत्री सहज पचवतात ती व्हिन्क्रिस्टीनची मात्रा त्यांच्या अंगावर उलटू शकते.

सर्वांत मोठी अडचण प्रतिकारशक्तीवरच्या औषधांची. माणसांमध्ये गेल्या दशकात ज्या अँटिबॉडींनी मेलानोमाचं चित्र बदललं, त्या माणसाच्या प्रथिनासाठी घडवलेल्या आहेत आणि कुत्र्याच्या प्रथिनाला सहसा नीट चिकटत नाहीत. कुत्र्यांसाठी तशी अँटिबॉडी वेगळी बनवावी लागते. गिल्वेटमॅब नावाच्या अशा अँटिबॉडीला अमेरिकेत 2023 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, माणसांच्या कितीतरी नंतर. ज्या बाबतीत कुत्रा उंदरापेक्षा सरस, म्हणजे शाबूत प्रतिकारशक्ती, तिथेच हत्यारं उशिरा पोचली.

मोजमापातही एक गोची आहे. माणसाच्या चाचणीत रुग्ण किती दिवस जगला हा पक्का आकडा असतो. कुत्र्याच्या बाबतीत शेवटचा दिवस बहुतेक वेळा घरचे ठरवतात. एक मालक वेदना दिसताच डॉक्टरांना दयामरणाचं इंजेक्शन द्यायला सांगतो, दुसरा शेवटपर्यंत थांबतो. त्यात पैसा येतो, माया येते, घरात वेळ कुणाला आहे हे येतं. आकडेवारी कितीही काटेकोर असली तरी तिच्यात हे मिसळलेलं असतं.

नैतिकतेचा प्रश्न टाळून चालणार नाही. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा पाया डॉनल थॉमस यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून घातला आणि 1990 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण ती प्रयोगशाळेतली, मुद्दाम प्रारणं दिलेली कुत्री होती. आजच्या चाचण्या त्याहून वेगळ्या. इथे मालक संमतिपत्रावर सही करतो, हवं तेव्हा बाहेर पडू शकतो, खर्चाचा काही भाग पुष्कळदा चाचणीच उचलते. तरीही सही करणारा आणि सुई सोसणारा वेगवेगळे असतात, आणि उपचार परवडत नसलेल्या माणसाला फुकट चाचणी हा खरोखर किती मोकळा पर्याय असतो, ही शंका उरतेच.

परळपासून गल्लीपर्यंत

मुंबईत परळला बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज आहे, 1886 चं, आणि त्याच परळला टाटा मेमोरियल रुग्णालय आहे, 1941 चं. एकीकडे जनावरांचे डॉक्टर घडतात, दुसरीकडे देशभरातून माणसं कर्करोगावर उपचार घ्यायला येतात. दोघांना जोडणारा एक विषय लगेच सुचतो: स्तनांचा कर्करोग.

नसबंदी न झालेल्या माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी फार होतात, आणि आपल्याकडे पाळीव माद्यांची नसबंदी अजून सर्रास होत नाही. पहिल्या माजाच्या आधी नसबंदी केली तर धोका नसबंदी न झालेल्या मादीच्या धोक्याच्या 0.5 टक्क्यापर्यंत उतरतो, एका माजानंतर 8, दोननंतर 26, हे आकडे पशुवैद्य नेहमी सांगतात. ते 1969 च्या एका अमेरिकी अभ्यासातले आहेत, आणि इतके नेमके आकडे धरून चालण्याइतका तो पुरावा भक्कम नाही असं नंतरच्या परीक्षणांनी म्हटलंय. अंडाशयातल्या संप्रेरकांचा हात आहे, हे मात्र माणसात आणि कुत्र्यात दोन्हीकडे दिसतं. कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात. एकाच मादीत एक गाठ साधी, दुसरी मधल्या अवस्थेतली आणि तिसरी कर्करोगाची, अशा एकाच वेळी सापडतात. पेनसिल्व्हेनियात कॅरिन सोरेन्मो यांच्या गटानं याचा उपयोग करून घेतला. प्राणी-आश्रमांतल्या माद्यांवर उपचार करताना साधी गाठ कर्करोगाकडे कसकशी सरकते, हे त्यांना एकाच शरीरात वाचता आलं. बाईमध्ये हे पाहायला मिळत नाही, कारण गाठ सापडली की ती काढली जाते.

आणि मग आपल्या गल्लीतला तो आजार, ज्याला माणसात जोडच नाही. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर फुलकोबीसारखी, रक्ताळलेली गाठ अनेकांनी पाहिली असेल. प्राणीमित्र आणि डॉक्टर तिला टीव्हीटी म्हणतात. हा संसर्गानं पसरणारा कर्करोग आहे, पण त्यामागे विषाणू नाही. समागमाच्या वेळी कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. 2006 मध्ये लंडनच्या संशोधकांनी गाठींचे नमुने तपासले, त्यात भारतातले कुत्रेही होते. गाठीतली जनुकं ज्याच्या अंगावर ती होती त्या कुत्र्याची नव्हतीच. सगळ्या गाठी एकमेकींच्या सख्ख्या निघाल्या. 2019 मध्ये 43 देशांतल्या 546 गाठींवरून केंब्रिजच्या गटानं हिशेब लावला, की ही पेशी 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियातल्या कुठल्यातरी एका कुत्र्यात जन्मली. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याच्या पेशी अजून फिरतायत.

परक्या शरीरात ही पेशी टिकते कशी? एरवी दुसऱ्याची किडनी बसवली तरी शरीर ती नाकारतं. टीव्हीटीच्या पेशी आपली ओळख सांगणारी प्रथिनं पृष्ठभागावरून जवळजवळ काढून टाकतात, म्हणून पहारा चुकतो. माणसाच्या अनेक कर्करोगांतल्या पेशी हीच युक्ती वापरतात. आणि टीव्हीटी बहुतेक वेळा बराही होतो. आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की गाठ झडते. 2018 मध्ये उपचार चालू असताना घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या कुत्र्यांची गाठ पूर्ण गेली, त्यांच्यात औषधापाठोपाठ प्रतिकारशक्तीच्या पेशींची झुंड गाठीत शिरली होती. नुसतं औषध पेशी मारून थांबलं नव्हतं, त्यानं प्रतिकारशक्तीला गाठीत शिरायला वाट करून दिली होती. ती वाट किमोच्या कुठल्या औषधानं, किती मात्रेत आणि कितव्या दिवशी उघडते, हे माणसांच्या बाबतीत सध्या मोठ्या खर्चानं शोधलं जातंय.